वस्तीवर नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: रानजनावरांचा शेजार

सोलापूर शहर सोडून नान्नज-वडाळ्याच्या माळाला लागून असलेल्या आमच्या शेतात राहायला आलो, त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात रात्री हात धुवायला बाहेर आले, तर नळाखालच्या डबक्यापाशी दोन डोळे चमकले. मी किंचाळले, घरातले काठ्या घेऊन धावले, आणि मांजरापेक्षा थोडं मोठं, झुपकेदार शेपटीचं एक जनावर बांधावरून निवांत निघून गेलं. सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या धनगर मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "खोकड हाय ते. रोजच येतंय, ताई. नवीन तुम्ही हाव."

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात शेतात घर बांधून राहणारे खूप वाढले. कुणी नोकरीतून निवृत्त होऊन येतं, कुणी द्राक्षाची बाग लावून, कुणी नुसतं मोकळ्या हवेसाठी. पहिला पाऊस पडला की त्यांचे फोन सुरू होतात. मोरीत साप निघालाय, कोंबड्या कुणीतरी नेल्या, माळवदावर रात्री कोण चालतंय. प्रत्येकाला फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे.

मूळ गोष्ट एकच धरून चाला. जनावर तुमच्या घरासाठी येत नाही. ते पाण्यासाठी, खाण्यासाठी किंवा आडोशासाठी येतं. तीनपैकी कशासाठी आलं हे ओळखा आणि ती गोष्ट बदला. जनावराच्या मागे लागायची वेळ फार थोड्या वेळा येते.

पहिली पायरी: पंधरा दिवस नुसतं बघा

कुंपण, दिवे, कुत्रा, सगळं नंतर. आधी तुमच्या जागेवरून कोण जातं ते समजून घ्या. घरामागच्या वाटेवर, बांधाच्या तोंडाशी आणि पाण्याच्या जागेपाशी दोन हात रुंदीचा मातीचा पट्टा खराट्याने झाडून भुसभुशीत ठेवा. संध्याकाळी झाडायचा, उजाडताना बघायचा. उशीर केलात तर शेळ्यांची खुरं सगळं पुसून टाकतात.

कुत्र्याच्या कुळातल्या जनावराच्या पावलात पुढे नखं उमटतात, मांजराच्या कुळातल्या पावलात सहसा उमटत नाहीत, कारण ते नखं आत ओढून चालतं. गावातलं कुत्रं हुंगत, वळणं घेत जातं. लांडग्याची पावलं एका रेषेत, दोरी धरून टाकल्यासारखी लांबवर जातात. खोकडाचं पाऊल अगदी लहान. विष्ठाही पुष्कळ सांगते. थंडीत वाटेवरच्या दगडावर बोरांच्या बिया भरलेली विष्ठा दिसली तर बहुधा कोल्हा किंवा उदमांजर. केसांनी भरलेली, वळलेली असली तर लांडगा असू शकतो. वाळून खडूसारखी पांढरी झालेली दिसली तर तरस, कारण ते हाडं फोडून खातं. काळं-पांढरं पीस सापडलं, पण ते पीस नसून टोकदार काटा असला, तर साळिंदर.

प्रत्यक्ष दिसल्यावर घोटाळा होतो तो खोकड, कोल्हा आणि लांडगा यांच्यात. खोकड हडकुळं, मोठ्या कानांचं, लांब शेपटीचं, आणि शेपटीचं टोक काळं. कोल्हा त्याच्याहून बराच मोठा, पण अंगाच्या मानाने शेपूट आखूड. लांडगा उंच, लांब पायांचा, शेपूट खाली सोडलेली, आणि तुम्हाला पाहून भुंकत नाही, थांबून बघतो आणि मग निघतो. तरस एकदा पाहिलं की चुकत नाही. पुढून उंच, मागून उतरतं, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. दिसायला भीतीदायक, पण बहुतेक मेलेल्या जनावरांवर जगणारं आणि माणसापासून लांब राहणारं.

हे ओळखण्याचा उपयोग असा की खोकड आलं म्हणून लांडग्याचा बंदोबस्त करण्यात तुमचे पैसे आणि झोप जाणार नाही. खोकड उंदीर, किडे आणि बोरं खातं. त्याचं येणं तुमच्या फायद्याचं आहे.

दुसरी पायरी: घराभोवतीची वीस पावलं

घराच्या चारी बाजूंनी वीस पावलं मोजा. एवढ्या जागेत गवत घोट्याच्या वर वाढू द्यायचं नाही, खरकटं टाकायचं नाही आणि ढीग घालायचा नाही. सरपण, गोवऱ्या, उरलेल्या विटा, जुने पत्रे, ठिबकच्या गुंडाळ्या हे सगळं त्याच्या पलीकडे. कडब्याची गंज तर आणखी लांब. गंजीत उंदीर होतात, उंदरांमागे धामण येते, आणि धामणीच्या वाटेने नाग. सरपण जमिनीवर न ठेवता दगडांवर फळी टाकून वीतभर उंच रचा, म्हणजे खालून दिसतं आणि काठी फिरवता येते.

ज्वारी पोत्यात भिंतीकडेला ठेवू नका, पत्र्याच्या कोठीत ठेवा. उंदरांसाठी विष टाळा. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि पिंगळा किंवा गव्हाणी घुबड त्याला उचलतं. मग तेही मरतं. पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट आणि घुबड नाही. त्यापेक्षा पिंजरे लावा आणि शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षिथांबे उभे करा. रात्री त्यांवर घुबड बसतं.

पाण्याची चूक मी स्वतः केली. पहिल्या उन्हाळ्यात पाखरांसाठी म्हणून ओट्याच्या कडेला पसरट परात भरून ठेवली. चिमण्या आल्या, खारी आल्या, बरं वाटलं. एप्रिलमध्ये एका दुपारी दार उघडलं तर परातीशी नाग पाणी पीत होता आणि माझी मुलगी त्याच्यापासून चार हातांवर खेळत होती. कुणाला काही झालं नाही. त्याच दिवशी परात उचलली आणि घरापासून शंभर पावलांवर, बाभळीखाली, सिमेंटचा उथळ पाणवठा केला. एका बाजूने उतार ठेवला, आत दगड मांडले, म्हणजे सरडा आणि मधमाशीही बुडत नाही. आठवड्यातून दोनदा घासून धुवायचा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात माळावर पाणी उरत नाही, तेव्हा ते ठेवणं मला गरजेचंच वाटतं. पण ते घराला चिकटून नको.

नळाची गळती मात्र आधी बंद करा.

तिसरी पायरी: साप

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे माणसं मरतात, आणि बरेचसे मृत्यू टाळता येतात.

आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस बांधाच्या गवतात, उसात, भुईमुगात असते. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. फुरसे लहान, दगडाळ माळावर, धोंड्याखाली. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. नाग तुम्हाला माहीत आहे.

मण्यार वेगळी. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा चावा कित्येकदा मुंगी चावल्यासारखा लागतो, सूजही येत नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या उघडत नाहीत. शेतात राहणारा कुणी असा उठला तर अंगावर खूण दिसो न दिसो, मण्यार चावली असं समजून निघा. पित्त झालं म्हणून थांबू नका.

घरात येणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाला लोक मण्यार समजून मारतात, आणि कधी उलटंही होतं, जे जास्त वाईट. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण हे ज्ञान हात लावण्यासाठी नाही. शंका असली की विषारीच समजा.

आता घरात काय करायचं. झोपायला खाट किंवा पलंग, आणि त्यावर मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. उन्हाळ्यात अंगणात किंवा माळवदावर झोपायची आपली सवय मोडायची गरज नाही, जमिनीवर झोपायची सवय मोडा. माझ्या मते घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा इलाज मच्छरदाणी आहे. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोका. दगडी भिंत असेल तर सांध्यांत चुना-सिमेंट भरा. बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. फिनेल, कार्बोलिक ॲसिड, लसूण, डांबरगोळ्या यांनी साप येत नाही असं दुकानदार सांगतील, त्यावर पैसे घालवू नका.

बाहेर काय करायचं. ज्यांच्या पंपाला रात्रीची लाइट असते त्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्यायचेच. चपलेवर बारी धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका आहे. हातात चांगली बॅटरी आणि काठी, काठी आपटत चालायचं. कडब्याची पेंढी उचलताना आधी काठीने हलवायची, मग हात घालायचा. पहिल्या पावसानंतर बिळात पाणी शिरतं तेव्हा आणि सप्टेंबरच्या परतीच्या पावसात सगळ्यात जपा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. नदीकाठच्या लोकांना हे सांगायला नको की पुराच्या पाण्यातून जनावरंही उंच जागा शोधत येतात आणि ती उंच जागा तुमचा ओटा असतो. पूर ओसरल्यावर ओल्या सामानात हात घालताना काठी आधी.

साप घरात दिसला तर लेकरं आणि कुत्रं बाहेर काढा, एका माणसाने लांबून त्याच्यावर नजर ठेवा, बाकीच्यांनी त्याची बाहेर जायची वाट मोकळी करा. पुष्कळदा तो स्वतःच जातो. नाही गेला तर वन विभागाशी जोडलेल्या सर्पमित्राला बोलवा. एकच गोष्ट आधी विचारा: पकडून कुठे सोडणार? तालुका ओलांडून दुसरीकडे नेऊन सोडलेल्या सापाला तिथलं बीळ, पाणी, भक्ष्य काहीच माहीत नसतं, तो बहुतेक टिकत नाही. जवळच्या ओढ्याला, वस्तीपासून दूर सोडलेलं चांगलं. आणि जो सर्पमित्र अंगणात नाग खेळवून मुलांना फोटो काढायला देतो, त्याला पुन्हा बोलवू नका.

आपल्या जिल्ह्यात नागोबाचं शेटफळ आहे, जिथे नाग न मारण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्या रीतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती बघून कुणी नव्याने आलेल्याने नागाजवळ जाऊ नये. नागपंचमीला दूधही पाजू नका. साप दूध पचवणारं जनावर नाही, उपाशी-तहानलेला ठेवून त्याला प्यायला लावलेलं असतं.

चावलाच तर: माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोरा लगेच काढा, कारण सूज चढली की ते निघत नाहीत. चावलेला हात-पाय फळी किंवा काठीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवा. दोरी आवळून बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चोखायचं नाही, मिरची-लिंब चारून बघायचं नाही, मंदिरात थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, गाडी दारात असेल तर गाडीने निघा. चावल्याची वेळ कागदावर लिहा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे डॉक्टरांचं अडत नाही. राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाचं प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे स्वतः विचारून या. सिव्हिलला पोहोचायला रात्री किती मिनिटं लागतात तेही एकदा गाडी चालवून बघा.

चौथी पायरी: शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण त्याच माळावर काळवीट आणि लांडगे राहिले. काळवीट असलेल्या माळावर लांडगा ते मारतो, उरलेला वेळ शेळ्या-मेंढ्यांवर त्याची नजर असते. दिवस मावळताना आणि उजाडताना तो येतो. मोठ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. तरी लहान लेकराला तिन्हीसांजेला शेळ्यांमागे एकटं पाठवू नका.

धनगरांकडे वाघूर असतं, म्हणजे मेंढ्यांभोवती उभं करायचं जाळं. ते बघून नवीन लोक तसंच जाळं लावतात आणि घरात झोपतात. ते चालत नाही. वाघूर चालतं कारण त्याच्या कडेला माणूस झोपलेला असतो आणि कुत्री जागी असतात. तुम्हाला घरात झोपायचं असेल तर पक्का गोठा हवा: कंबरेपर्यंत दगड-विटांची भिंत, वर छतापर्यंत तारेची जाळी, आणि जाळीवर छत. भिंतीच्या कडेने बाहेरून दीड फूट चर खणून त्यात धोंडे भरा, म्हणजे खालून उकरता येत नाही. दाराला कडी, नुसता खुंटा नाही. कोंबड्यांना डालग्याखाली झाकून भागत नाही, कारण रानमांजर डालगं उलथतं. जाळीची भोकं अंगठा जाणार नाही एवढी बारीक घ्या, मुंगूस मोठ्या भोकातून सहज आत शिरतं.

आमचं एक करडू गेलं तेव्हा दोष आमचाच होता. पत्र्याखाली वीतभर फट होती, कोल्ह्याने ती उकरून मोठी केली. उरलेलं आम्ही दुपारी पुरून टाकलं आणि संध्याकाळी भरपाईची चौकशी केली. पुरलेल्या जनावराचा पंचनामा कशाचा करणार? म्हणून नियम आधीच माहीत असू द्या: मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, फोटो काढायचा, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवायचं, पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा. १९२६ हा वन विभागाचा क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. आधार, सातबारा आणि बँकेच्या पुस्तकाच्या प्रती एका पिशवीत तयार ठेवा.

कुत्र्यांबद्दल थोडं कडक बोलते. दोन कुत्री पाळा, त्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या, नसबंदी करा, रात्री अंगणातच राहतील असं बघा. मोकाट सोडलेली आठ-दहा कुत्री माळावर काळविटाची पाडसं फाडतात, खोकडाची पिल्लं मारतात आणि आपले रोग लांडग्यांना देतात. लांडग्याने नेल्या म्हणून ज्या शेळ्या सांगितल्या जातात, त्यातल्या काही कुत्र्यांनीच मारलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि ही कुत्री वाढतात कशावर? पोल्ट्रीतली मरतूक ओढ्यात फेकलेली असते त्यावर. तुमची पोल्ट्री असेल तर खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. शेजाऱ्याची असेल तर भांडू नका, जेसीबी आलेला असेल त्या दिवशी त्याच्यासाठीही एक खड्डा काढून द्या. आम्ही तसं केलं आणि ओढ्याकाठची कुत्री वर्षभरात निम्म्याहून कमी झाली.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, लांडग्याची पिल्लं बिळात असतात. ओढ्याच्या घळीत बीळ दिसलं तर तिथून निघून या, गावात बोलू नका, धूर घालू देऊ नका. लांडगा, काळवीट, बिबट्या, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांत वरचं संरक्षण आहे, मारल्यास तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

ऊसपट्ट्यात राहत असाल तर

करमाळा, माढा, माळशिरस, उजनीच्या फुगवट्याचा सगळा काठ, इथे उसाने बिबट्याला घर दिलं. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याने माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. त्या दिवसांची भीती त्या भागात अजून आहे आणि ती खोटी नाही. बार्शीकडच्या लोकांनी तर डिसेंबर २०२४ मध्ये विदर्भातून चालत आलेल्या वाघाचीही बातमी अनुभवली. तरी रोजच्या जगण्यात लागणारी काळजी बिबट्याची.

वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणून शौचाला उघड्यावर जायचं नाही, अंधारात गवत कापायला बसायचं नाही, लेकराला उसाच्या कडेने एकटं सोडायचं नाही. रात्री बाहेर पडताना दोघं पडा, मोठ्याने बोलत चला किंवा मोबाईलवर गाणी लावा. बिबट्याला तुमची चाहूल आधी लागली की तो बाजूला होतो. घर आणि ऊस यांत पंचवीस-तीस पावलांची पट्टी मोकळी ठेवा, तिथे मेथी-कोथिंबीर असलं बुटकं काही लावा. कुत्रं रात्री बाहेर साखळीला बांधू नका. बांधलेलं कुत्रं बिबट्याला आमंत्रणच आहे, त्याला जाळीच्या खोलीत ठेवा.

समोर आलाच तर पळू नका, पाठ करू नका, खाली बसू नका. हात वर करून मोठं दिसा, ओरडा, हळूहळू मागे सरका. बिबट्या दिसला म्हणून गर्दी जमवणं हे सगळ्यात घातक. शंभर माणसांनी वेढल्यावर तो निघायला वाट शोधतो आणि मधे येईल त्याला पंजा मारतो.

ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. आधी नीट बघा. मातकट रंगाची, बिनठिपक्यांची असतील तर रानमांजराची असतात, बिबट्याच्या पिल्लावर लहानपणीच दाट ठिपके असतात. कुठलीही असोत, उचलायची नाहीत, दूध पाजायचं नाही, मांडीवर घेऊन फोटो नाही. तोड त्या कोपऱ्यापुरती थांबवा, १९२६ ला कळवा, संध्याकाळी सगळ्यांनी लांब जा. आई रात्रीत येऊन एकेक पिल्लू मानेला धरून नेते. आई समोर असताना पिल्लापाशी माणूस असणं, ही बिबट्याच्या हल्ल्याची ठरलेली वेळ आहे.

थोडक्यात सांगण्यासारखे पाहुणे

घोरपड विषारी नसते. भिंतीच्या भोकात शिरली तर एक तास शांत ठेवा, निघून जाते. माळवदावर रात्री चालणारं बहुधा उदमांजर, ते पिकलेल्या फळांसाठी आणि उंदरांसाठी येतं. मांडूळ सापडलं तर बांधावर सोडून द्या आणि कुणी लाखो रुपये देतो म्हणाला तर त्या माणसाचा नंबर पोलिसांना द्या. त्या धनाच्या गोष्टी सगळ्या खोट्या आहेत. वानरांना शेंगदाणा-भाकरी देऊ नका, एकदा दिलीत की ती स्वयंपाकघरात येतात आणि मग तुम्हीच त्यांना दगड मारता.

मुंगूस, कोल्हा, वानर, कुत्रं, मांजर, कुणीही चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा आणि सगळ्या तारखांना जाऊन पूर्ण करा. दिवसाढवळ्या अंगावर धावून येणारा, लाळ गाळणारा कोल्हा किंवा लांडगा दिसला तर दार लावून घ्या आणि वन विभागाला कळवा.

पिकाचं म्हणाल, तर काळवीट हरभऱ्याचे कोंब खातं, रानडुक्कर मका आणि भुईमूग एका रात्रीत आडवा करतं. काळविटासाठी आमच्याकडे जुन्या साड्या बांधावर बांधतात, वाऱ्याने हलतात, बरीच अडतात. डुकरासाठी सौर झटका मशीन घ्या, त्याचा झटका क्षणभराचा असतो. घरची लाइट तारेत सोडायची नाही. त्याने डुकराआधी शेजारचा माणूस मरतो, हे आपल्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा झालं आहे. पेरताना औषध लावलेलं बी वर पडू देऊ नका, मोर आणि होले ते टिपून मरतात. मार्चमध्ये बांध पेटवण्याची घाई करू नका. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात, कापून काढलेलं गवत आच्छादनाला वापरा.

विहीर आणि शेततळं

हे शेवटी लिहिते, पण काम म्हणून ते पहिल्या महिन्यात करा. विहिरीला कंबरेएवढा कठडा बांधा. रात्री पाठलाग करताना कोल्हा, साळिंदर, बिबट्या थेट आत पडतात, आणि माणसाचं लेकरूही पडतं.

शेततळ्याचं मला उशिरा कळलं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचे काठ पाणी लागलं की काचेसारखे होतात. पाणी प्यायला उतरलेलं जनावर परत वर येऊ शकत नाही. एका सकाळी आमच्या तळ्यात खोकडाचं पिल्लू तरंगत होतं. काठावर प्लास्टिकभर नखांचे ओरखडे होते, चारी बाजूंनी. ते मला अजून दिसतात. त्या दिवशी दुपारपर्यंत दोर लावून झाले होते.

बाजारातून अंगठ्याएवढ्या जाडीचा काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर आणा. दर वीतभर अंतरावर गाठ मारा. दोन दोर हातभर अंतरावर ठेवून मधे जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या आडव्या बांधल्या की शिडी होते. दुचाकीचे जुने टायर एकमेकांना बांधले तरी चालतं, त्यात नखं चांगली अडकतात. वरचं टोक प्लास्टिकच्या बाहेर, जमिनीत दोन फूट ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधा, प्लास्टिक फाटणार नाही. पडलेलं जनावर काठाकाठाने पोहत कोपऱ्यात येऊन थकतं, म्हणून चारही कोपऱ्यांत एकेक शिडी हवी. खालचं टोक पाण्याखाली हातभर गेलं पाहिजे आणि तळाला दगड बांधून ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने शिडी वर तरंगते. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की शिडी तेवढी लांबवा. काथ्या उन्हाने दोन वर्षांत कुजतो, पावसाळ्याआधी ओढून बघा आणि कच्चा वाटला तर त्याच दिवशी बदला.